लेकुरवाळीला जीप शोभत नाही

मूल झालं की बाईचं आयुष्य बदलतं, असं सगळेच सांगतात. माझं आयुष्य बदलायच्या आधी आमची गाडी बदलली. मूल पोटात होतं, बाहेर यायला अजून दोन-अडीच महिने होते, आणि घरातली जीप विकून मंडळी मोकळी झाली होती. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पोटातल्या त्या लेकीला आता स्वतःची लेकरं झाली, तरी कुणी सहज विचारलं की 'तुमच्याकडं जीप होती ना पूर्वी?' तर माझं डोकं आजही तापतं. ऐकणाऱ्याला वाटतं, जुन्या वस्तूच्या आठवणीनं बाई हळवी झाली. हळवी कसली, मला राग येतो.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. फाट्यापर्यंत डांबरी सडक, तिथून पुढं नुसती काळी माती. उन्हाळ्यात त्या वाटेवर फुफाटा आणि पावसाळ्यात असा चिखल, की चप्पल रुतली तर चप्पल सोडून माणसानं पुढं जावं. माझं माहेर परभणीचं. घरापुढून दिवसभर रिक्षा आणि सायकली जायच्या, आगगाडीची शिट्टी घरात ऐकू यायची. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, तिथं एसटी फाट्यावर सोडून देते म्हणे." मी म्हणाले, "त्यांच्याकडं जीप हाय." खरं सांगायचं तर हे मला बघायला आले तेव्हा मी खिडकीतून आधी जीप पाहिली आणि मग मुलगा पाहिला. मुलगाही बरा होता.

जीप कुठल्याशा सरकारी खात्यानं मोडीत काढलेली, लिलावात घेतलेली. तिला छप्पर नव्हतं, दारं नव्हती. रंग कोणे एके काळी हिरवा असावा. पुढची काच बोनेटवर आडवी पाडता यायची, मागं बसायला दोन फळ्या होत्या. हॉर्न वाजायचा नाही, पण त्याची गरजही नव्हती, कारण ती निघाली की अर्ध्या गावाला कळायचं. तिला दोन दांडे होते. एक नेहमीचा गिअरचा, आणि शेजारी एक आखूड. तो आखूड दांडा टाकला की चारही चाकं ओढायला लागायची आणि मग समोर कसलाही चिखल असो, ती कण्हत, कुंथत, पण हमखास पलीकडं निघायची.

आमचे हे जीप चालवायचे ते बैलगाडी हाकल्यासारखी. सडकेच्या अगदी मधोमध. वळण आलं की आधी तोंडानं "हो, हो" म्हणायचे आणि मग त्यांना ब्रेक आठवायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं होतं, तेव्हा यांना लहर आली आणि मला म्हणाले, "बस, शिकवतो." मी पदर खोचला आणि बसले. पहिल्या दिवशी मी बांध फोडला. दुसऱ्या दिवशी यांना उतरवून एकटीनं रानाला फेरी मारली. थोड्याच दिवसांत अशी वेळ आली की फाट्याला जायचं म्हटलं की हे शेजारच्या सीटवर जाऊन बसायचे आणि पान लावायला घ्यायचे. यांच्या दृष्टीनं ती सोय होती. माझ्या दृष्टीनं काय होतं ते मला नीट सांगताही येणार नाही.

काच आडवी पाडलेली, समोर जिंतूरची सरळ सडक, दोन्ही बाजूंना ज्वारी. तोंडावर वारं असं यायचं की डोळ्यांतून पाणी यावं. पदर आधी कमरेला आणि मग सीटखाली दाबून ठेवायचा. बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागायचं, म्हणून आम्ही दोघंही ओरडूनच बोलायचो आणि उगाच हसायचो. घरात मी 'अगं' होते, 'सूनबाई' होते, भाकरी करपली तर 'परभणीची' होते. त्या सीटवर बसलं की मी कुणाचीच कोणी नव्हते, आणि हे मला इतकं आवडायचं की रविवारच्या बाजाराला मीठ संपलं नसलं तरी मी संपवायची. पावसाळ्यात कुणाची गाडी ओढ्यात रुतली की आमच्या दारात माणूस यायचा आणि यांना नव्हे, मला विचारायचा, "वहिनी, जीप काढता का?" मी भाकरीचं पीठ हातावर तसंच ठेवून निघायचे.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यात काही वावगं वाटत होतं असं कुणी समजू नये. त्या विधवा बाईंनी एकटीनं शेती सांभाळलेली होती. बाहेर जायचं म्हटलं की आमच्या आधी त्या जीपमध्ये चढून बसायच्या. लग्नाला, बारशाला मी त्यांना नेऊन सोडायची. मांडवाच्या तोंडाशी जीप थांबली की त्या मुद्दाम सावकाश उतरायच्या, म्हणजे सगळ्यांनी बघावं. "सुनंनं आणलं की नव्हं जीपवर," असं मोठ्यानं म्हणायच्या. म्हणून तर पुढं जे झालं त्याचा मला इतका धक्का बसला.

संक्रांतीच्या सुमारास मला दिवस गेल्याचं कळलं. आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, कानशिलाशी बोटं मोडली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "आता जीप बंद."

मी काही वेडी नव्हते. धक्के नकोत हे मलाही कळत होतं. परभणीच्या लेडी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी जीप चालवणं त्याच दिवशी थांबवलं. परभणीला तपासायला जायचं तर फाट्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं एसटीनं जायची. एसटीची मागची सीट मिळाली तर आतडी गोळा व्हायची, पण एसटी विका असं कुणी म्हणालं नाही. आणि मी समजून चालले होते की हा नऊ महिन्यांचा, फार तर वर्षभराचा उपास आहे. उपास काय, एक दिवस सुटतो.

पण घरातल्या बोलण्यातून 'बंद' हा शब्द हळूहळू गेला आणि 'विकून टाकू' हा आला. कोणी पहिल्यांदा म्हटलं ते मला आजही माहीत नाही. पाणी भरायला आलेली बाई म्हणाली, "लेकुरवाळीला जीप शोभती का?" यांचे चुलते म्हणाले, "उघड्या गाडीत लेकराला वारं लागंल." शेजारीण म्हणाली, "वारं तर लागंलच, दृष्टबी लागंल." ज्यांची रुतलेली गाडी मी चिखलातून ओढून काढली होती, ते गृहस्थ ओसरीवर बसून माझाच चहा पीत म्हणाले, "आता घरात लेकरू येणार, बंद गाडी पायजे." बंद गाडी हा शब्द साऱ्या गावाला इतका आवडला की जणू मी आजवर सगळ्यांना उघडं पाडून हिंडत होते.

मी यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

हे म्हणाले, "बघू."

हा 'बघू' तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही सुखी आहात. आमच्या ह्यांचा 'बघू' म्हणजे ठरलेलं आहे, फक्त सांगायची हिंमत नाही. मी चिडले, "अहो, बघू काय? हो म्हणा नाहीतर न्हाई म्हणा." त्यावर हे पुन्हा म्हणाले, "बघू की. इतकं काय चिडायलीस? या दिवसांत चिडू ने." म्हणजे रागवायचीही बंदी. राग आला तर तो पोटातल्या लेकरामुळं आला, जीपमुळं नव्हे, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग कळलं की परभणीत यांच्या एका मित्राकडं एक पांढरी गाडी विकायला आहे. गुबगुबीत, चार दारांची, मागच्या काचांना पडदे. हे ती बघून आले आणि रात्री जेवताना तिचंच वर्णन. काचा वर होतात, खाली होतात. आत दिवा लागतो. सीट अशी, की माणूस त्यात बुडतो. मी म्हणाले, "ती चिखलातबी तशीच बुडंल. आपल्या वाटंवर ती एक पाऊस टिकायची न्हाई."

"डांबरी सडक मंजूर झालीय," हे म्हणाले.

ती सडक माझ्या लग्नाआधीपासून मंजूर होती.

मी भांडले नाही असं नाही. पण दरवेळी भांडण एका जागी येऊन बंद पडायचं. मी म्हणायची, लेकरू होईल, मोठं होईल, जीप उभी राहू द्या गोठ्यात, काय चारा खाते का? आणि आत्याबाई शांतपणे विचारायच्या, "म्हंजी तुला लेकरापरीस गाडी जास्त झाली का?" याला उत्तर काय द्यायचं? हो म्हटलं तर मी हडळ, नाही म्हटलं तर जीप गेली. लेकरू आणि गाडी एकाच तराजूत घातलीच कुणी, हे विचारायला हवं होतं. ते सुचलं तोवर फार उशीर झाला होता.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. मला हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा. त्याच आठवड्यात एक मुकादम जीप बघायला येणार होता. आमच्या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर दाराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात. त्यांच्या टोळ्या जमवून नेणारा हा माणूस. त्याला गावोगाव फिरायला जीप हवी होती. पण तो ठरल्या दिवशी आला नाही. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे पुन्हा जोरात होते. परभणीच्या भिंतींवर एकानं 'झालंच पाहिजे' लिहावं आणि दुसऱ्यानं त्याच्यावरच चुना फासून 'होऊ देणार नाही' लिहावं, असं चाललेलं. बंद पुकारला गेला, एसटी थांबली, आणि मुकादम अडकला. मोर्चा काढणाऱ्यांना कल्पना नव्हती, पण त्यांनी माझी जीप आठवडाभर वाचवली. ते लोक एका नावासाठी इतकी वर्षं लाठ्या खात होते आणि मला माझ्याच घरात एका जीपसाठी धड भांडता येत नव्हतं, हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि मी स्वतःवरच चरफडले.

पुढच्या आठवड्यात तो आलाच. धोतर, टोपी, बोलायला गोड. बैलाचे खूर बघावेत तसे त्यानं वाकून चारही टायर बघितले. मग म्हणाला, "चालू करा, मालक."

हे बसले. कित्येक दिवस जीप उभीच होती. यांनी नेहमीसारखा चोक पार बाहेर ओढला आणि पायाखालचं स्टार्टरचं बटण दाबलं. घर्र, घर्र, आणि बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पेट्रोलचा वास ओसरीपर्यंत आला. मला बसल्या जागी कळलं की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. हे दाबतच राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटला. मुकादमानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मालक, हे तर मढं हाय. मढं घेऊन मी काय करू?"

मी उंबऱ्याच्या आत डाळ निवडत बसले होते. मला काय करायचं होतं? काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता, बॅटरी संपली असती, मुकादम चहा पिऊन निघून गेला असता, आणि 'मढं' कोणी घेत नाही म्हणून जीप गोठ्यातच राहिली असती. हे सगळं मला तेव्हाही स्वच्छ दिसत होतं. पण तो शब्द माझ्या डोक्यात गेला. माझ्या जीपला मढं म्हणतो? मी सूप बाजूला सारलं आणि उठले.

"उतरा खाली," मी यांना म्हणाले.

"अगं, तू कशाला या अवस्थेत..."

"उतरा म्हणते ना."

मी चढून बसले. स्टेअरिंग माझ्या पोटाला टेकलं. चोक पूर्ण आत ढकलला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, थोडी थांबले, आणि मग स्टार्टर दाबला. जीप खोकली, काळा धूर सोडला, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. काय सुरू झाली! गोठ्यातल्या म्हशी दावी ताणून उभ्या राहिल्या. पोटात लेकरानं लाथ मारली. मी पाय ढिला केला तशी ती अशी एकसुरात चालायला लागली की मला वाटलं, आता हिला तशीच रस्त्यावर घ्यावी.

मुकादमाचं तोंड फुललं. "अरं, लय गुणाची हाय की ही," तो म्हणाला, आणि तिथंच सौदा पक्का झाला. आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात, मी तो माझ्याच पायानं मारला.

मी उतरले तोवर आत्याबाई कुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी बोनेटला हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. डोळ्यांना पदर लावला. मग वाकून त्यांनी चालू जीपची किल्ली काढून घेतली आणि कनवटीला खोचली. कुलूप इतकं झिजलं होतं की गाडी चालू असतानाही किल्ली निघून यायची आणि इंजिन चालूच राहायचं.

"आई, किल्ली द्या की त्यांना," हे म्हणाले.

"दावं देत न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या.

आमच्याकडं बैल विकला तरी दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि त्यानं बांधून न्यायचं. जुनं दावं घरात राहिलं की दावण रिकामी राहत नाही, असं मानतात. पण हे बैलाचं. आमचे हे शरमले, "आई, ही किल्ली हाय. हे दावं हाय का?"

"मग काय हाय?"

मला वाटलं आता तरी मुकादम अडेल, सौदा फिसकटेल. पण तो शेतकऱ्याचाच पोरगा. त्यानं दोन्ही हात जोडले. "राहू द्या, मालक. दावं मागितलं तर आमची म्हातारी मला घरात घेयची न्हाई." आणि तो किल्लीशिवाय, चालू जीप घेऊन, धूळ उडवत निघून गेला. वाटेत कुठं बंद पडली असेल तर त्यानं वायरी जोडल्या असतील. आत्याबाईंनी किल्ली गोठ्यातल्या रिकाम्या खुंटीला अडकवली. म्हणजे जीप लेकराला घातक, पण जीपचं दावं घराला शुभ. मी काही बोलले नाही, कारण या दिवसांत चिडायचं नव्हतं.

मग मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले आणि मुलगी झाली. काळीसावळी, भरपूर जावळाची, मोठ्या आवाजाची. हस्ताच्या पावसात हे आम्हाला न्यायला आले ते त्या पांढऱ्या गाडीतून. गाडीच्या नाकाला झेंडूची माळ. यांनी माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं. लग्नानंतर यांनी माझ्यासाठी उघडलेलं हे पहिलं दार, आणि तेही मागचं.

"बघ, वारंसुद्धा आत येत न्हाई," हे म्हणाले.

वारं येत नव्हतं हे खरं. पेट्रोलचा, दुपट्याचा आणि सीटच्या जुन्या रेक्झिनचा वास मात्र जागचा हलत नव्हता. जिंतूर मागं पडेपर्यंत मला दोनदा ओकारी आली. फाट्यावर पोचलो तर आभाळ खाली आलेलं आणि काळी वाट लोण्यासारखी झालेली. मी म्हणाले, "इथंच थांबा. गावातून बैलगाडी बोलवा." हे म्हणाले, "बघू," आणि गाडी वाटेला घातली.

ओढ्याच्या अलीकडं ती बसली. म्हैस पाण्यात बसते तशी, पोट टेकून, निवांत. यांनी जोर लावला तशी मागची चाकं जागीच गरगर फिरून आणखी खोल गेली आणि पांढऱ्या गाडीवर चिखलाची रांगोळी झाली. माझा हात नकळत त्या आखूड दांड्याकडं गेला. तिथं दांडा नव्हता, आणि मी पुढंही नव्हते. मी मांडीवर लेकरू घेऊन मागं बसले होते आणि पुढं हे, स्टेअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून, "हो, हो" म्हणत होते.

रानातली माणसं आली, ढकलून ढकलून दमली. शेवटी कुणीतरी बैलगाडी आणली. ज्या लेकराला वारं लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याला घोंगड्यात गुंडाळून, उघड्या बैलगाडीतून, भुरभुर पावसात मी घरी नेलं. तिला वारं लागलं, पाऊस लागला, आणि पोरगी साधी शिंकलीसुद्धा नाही. दारात आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. गाडी कुठं आहे असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून ती गाडी पावसाळाभर फाट्यावरच्या हॉटेलाच्या मागं उभी राहायची आणि सणाला येणाऱ्या लेकीसारखी दिवाळीला घरी यायची. चूक झाली असं कुणीही, कधीही म्हणालं नाही. उलट 'आमची फाट्यावर असती' हेसुद्धा घरचे लोक कौतुकानं सांगायचे.

मी एकदा यांना म्हणाले, "उद्या मी चालवते." आत्याबाईच म्हणाल्या, "आन् लेकरू कुणाकडं देशील?" त्या स्वतः शेजारीच बसल्या होत्या, हात रिकामे. पण त्यांचं बोलणं बरोबरही होतं, कारण पोरगी माझ्याशिवाय कुणाकडं राहायची नाही. पोरगी बसायला, चालायला लागली तोवर मुलगा झाला. दावण रिकामी राहत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मला लेकरं नको होती असा अर्थ कुणी काढू नये. लेकरांवर माझा जीव होता, आहे. पण पाच वर्षं मी सडक पाहिली ती यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी जेवढी दिसेल तेवढी. मांडीवर एक, खांद्याशी एक, पायाशी बाटली, पिशवी, ओलं दुपटं. हे अजूनही मधोमध चालवायचे. मी मागून म्हणायची, "ट्रक येतोय, डावीकडं घ्या." हे म्हणायचे, "तू लेकरं बघ." कधी कधी मी पडद्याआडून शेतं बघत बसे आणि मला इतकी चीड येई की दात दुखायला लागत.

मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही तिघं जिंतूरच्या बैलबाजाराला गेलो. धाकटा आत्याबाईंपाशी राहिला होता. यांना एक खोंड आवडलं. त्याचे दात बघायला हे वाकले, आणि शेजारच्या बैलानं यांच्या डाव्या पायावर पाय ठेवला. हाड मोडलं नाही, पण पाऊल भोपळ्याएवढं सुजलं. दवाखान्यात पट्टी बांधून घेतली आणि आम्ही यांना धरधरून गाडीपाशी आणलं. यांनी पुढं बसून क्लचवर पाय ठेवून बघितला आणि किंचाळले.

"कुणीतरी डायवर मिळतो का बघू," हे म्हणाले.

"मी हाय की," मी म्हणाले.

हे सरकून शेजारच्या सीटवर गेले. मी मुलीला मागं बसवलं, फिरून पुढं आले, दार उघडलं आणि बसले. स्टेअरिंग हातात घेतलं. अजून गाडी सुरूही केली नव्हती, तोच मागून पोरीनं भोकाड पसरलं.

"आई, तू न्हाई! तू न्हाई! तू मागं ये!"

"अगं, घरी जायचंय. बाबाचा पाय दुखतोय."

"तुला येत न्हाई! आपण पडू! बाबाला चालवू दे!" तिनं सीटवर दोन्ही हात आपटले. "तुझी जागा इथं हाय. इथं ये!"

बाजारातली दोन-चार माणसं थांबून बघायला लागली. मी यांच्याकडं पाहिलं. यांनी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. तुझ्या आईला माझ्याहून चांगली येते, एवढंच. पोरगी बापाचं ऐकायची, लगेच गप्प झाली असती. हे सुजलेल्या पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लय रडायली गं. बघू का, डायवर?"

पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं. जन्मल्यापासून तिनं जे पाहिलं तेच ती बोलत होती. आई मागं असते. आई मांडी असते. ती पोटात असताना मी चालू केलेल्या इंजिनाचा आवाज तिनंही ऐकला असेल, पण ते तिला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ती काय म्हणून खरं मानणार? वाटलं, उतरावं, जाऊन तिला कुशीत घ्यावं, आणि मिळेल तो ड्रायव्हर बघावा.

मी गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकताना ती गचकली, माणसं हसली, पोरीनं हातांनी डोळे झाकून टाहो फोडला. दुसरा गिअर मऊ पडला. बाजाराची गर्दी सरली, सडक मोकळी झाली. मी गाडी डावीकडच्या कडेनं धरली आणि वरचा आरसा हातानं खाली वळवून मागं पाहिलं. ती तशीच, डोळे गच्च झाकून, गळा काढून बसली होती.

"रडायचं तर रड," मी म्हणाले. "पण डोळे उघड आन् बघ, कोण चालवायलंय."